चार घरांत एकच माई

रविवार, सकाळचे साडेनऊ. भोपाळ, पिपलानी. कारखान्याच्या टाउनशिपमधला तीन मजली ब्लॉक. जिन्याखाली सहा स्कूटर, गच्चीवर कुणाचे तरी पापड, आणि फाटकापाशी मी.

हातात बोर्ड, बोर्डावर फॉर्म, फॉर्माखाली कार्बन पेपर. एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं की आज आपण कुणाचं तरी भलं करायला निघालो आहोत आणि त्या बिचाऱ्याचं आता काही खरं नाही. पण कळलं असतं, तर तुम्हाला सांगायला आज माझ्याकडे काय उरलं असतं?

महाराणा प्रताप नगरातल्या आमच्या ऑफिसात नवी पोरं येतात आणि विचारतात, "मॅडम, आपकी पहली बड़ी स्टोरी कौन-सी थी?" मी लगेच चहा मागवते. भल्याभल्या अधिकाऱ्यांना मी भर पत्रकार परिषदेत घाम फोडला आहे. माझा माइक बंद करतात, तरी मी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. पण हा प्रश्न आला की मला चहाच सुचतो. आज तुम्ही चहा आधीच पाजलात, त्यामुळे सुटका नाही.

तेव्हा मी कॉलेजात समाजशास्त्र शिकत होते. आमच्या सक्सेना मॅडम वर्गात पुस्तक उघडायच्याच नाहीत. म्हणायच्या, "समाज किताब में नहीं रहता, तीसरी मंज़िल पर रहता है। चढ़ो!" मग आम्ही चढायचो. विषय होता टाउनशिपमधल्या म्हाताऱ्या माणसांचा: ती कुणाशी बोलतात, घरात काय करतात, खाली उतरतात का. प्रत्येक घरी वेळ लिहायची, मजला लिहायचा, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या आणि म्हातारं माणूस त्या क्षणी काय करत होतं तेही टिपायचं. सगळं दोन प्रतींत. वर मॅडमची एक ताकीद: "आँखें खुली, मुँह बंद।"

यातलं पहिलं मी पाळलं.

बाबा राज्य सरकारच्या ऑफिसात कारकून. नागपूरहून बदलून आलेले. आमचं क्वार्टर जवाहर चौकाजवळ. लेकीचं काम म्हणून त्यांनी कौतुकाने ऑफिसातला जुना बोर्ड आणि कार्बन पेपर आणून दिले. बोर्डाच्या पाठीमागे लाल रंगात ठळक लिहिलेलं होतं: 'शासकीय'. मला ते दिसलंच नाही. कसं दिसणार? माझ्या बाजूला फॉर्म होता. 'शासकीय' समोरच्याच्या बाजूला!

आता टाउनशिपमध्ये राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. तिथे माणसं एकमेकांची तब्येत नंतर विचारतात, क्वार्टर आधी. वरच्याला खाली यायचं असतं, खालच्याला कोपऱ्यावर जायचं असतं, कोपऱ्यावरच्याला मागे बाग हवी असते. प्रत्येकाचा एक अर्ज कुठल्या तरी फायलीत झोपलेला असतो. आणि त्याच आठवड्यात या ब्लॉकमधलं तळमजल्यावरचं एक क्वार्टर रिकामं झालं होतं. अशा वेळी एक बाई 'शासकीय' बोर्ड घेऊन, कार्बन लावून दारोदार विचारते आहे: "घरात म्हातारं माणूस आहे का? कितव्या मजल्यावर? जिना उतरवतो का?"

तुम्ही काय समजला असता?

तेच ते सगळे समजले. क्वार्टर वाटणाऱ्या ऑफिसातून चौकशी आली!

पहिलं घर वानखेड्यांचं. सगळ्यात वरचा मजला, छत्तीस पायऱ्या. वानखेडे कारखान्यात टर्नर, मूळचे अकोल्याकडचे. वहिनींनी दार उघडलं, बोर्ड पाहिला आणि माझ्यासाठी पंखा लावला. नोव्हेंबरात.

"या ना ताई, या. माई इथंच आहेत. बघा, तुम्हीच बघा."

माई म्हणजे वानखेड्यांच्या आई. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर सूप. तांदूळ निवडत होत्या.

"माईंचे दोन्ही गुडघे गेलेत," वहिनी म्हणाल्या. "आठ महिने झाले, खाली उतरल्या नाहीत. खालच्या क्वार्टरसाठी तीन अर्ज दिले. तेवढं जरा नीट लिहा."

"लिही वं पोरी," माई म्हणाल्या. "खिडकीतून निस्ता कडूनिंबाचा शेंडा दिसते मले. बुंधा कसा हाय, इसरली मी."

मी लिहिलं. मनापासून लिहिलं. वेळ साडेनऊ. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं, फॉर्मात त्याला रकाना नव्हता एवढंच.

तिथून समोरच्या ब्लॉकमध्ये, कुलकर्ण्यांकडे. पुन्हा सगळ्यात वर, पुन्हा छत्तीस. कुलकर्णीबाई पुण्याच्या. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"म्हातारं माणूस ना? आहे की! पण आधी चहा. नाही नाही, इथे नको, आत स्वयंपाकघरात या. इथे फार वारा आहे."

पंखा बंद, खिडक्या बंद, कुठला वारा? पण मी गेले. त्यांनी मधलं दार लावून घेतलं आणि चहाला अर्धा तास लावला. तेवढ्या वेळात बाहेर जिन्यात धडधड, ओढाओढी, "अरे सांभाळ, सांभाळ!", "दीवार से बचा के!", "पाय आत घ्या, पाय!" असं काय काय चाललं होतं. मी म्हटलं, कुणाचं तरी कपाट चाललंय. टाउनशिपमध्ये बदल्या होतच असतात, कपाटं जिन्यातून जातच असतात.

कपाटाला पाय आत घ्यायला कोण सांगतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज पडतो. रोज पडतो.

चहा झाला. बाहेरच्या खोलीत आलो. खुर्चीत बसून मटार सोलत होत्या: माई!

"या माझ्या सासूबाई," कुलकर्णीबाई म्हणाल्या.

"अहो, पण यांना मी आत्ताच वानखेड्यांकडे पाहिलं!"

"जातात त्या तिकडे. शेजार आहे."

"यांना तर जिना उतरवत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"मी नाही वं काही म्हणली," माई मटार तोंडात टाकत म्हणाल्या.

"बरं, सासूबाईंचं नाव?" मी पेन टेकवलं.

कुलकर्णीबाईंनी माईंकडे पाहिलं. माईंनी कुलकर्णीबाईंकडे पाहिलं.

"सांग ना वं सूनबाई," माई म्हणाल्या. "एवढ्या वर्षाची सून तू माही."

"सिं... सिंधूताई!" कुलकर्णीबाई.

इथे माझ्यातली बातमीदार जागी झाली. समाजशास्त्राची विद्यार्थिनी तिथेच झोपली, ती परत उठली नाही. मी मनात म्हटलं, शोभना, काहीतरी शिजतंय. वेळ टिपली. दहा वाजून वीस मिनिटं. 'काय करत होत्या': मटार सोलत होत्या.

मग तिवारीजी. पहिला मजला, अठरा पायऱ्या. तिवारीणबाईंनी मला आत नेऊन जलेबी खायला बसवलं, बाहेर पुन्हा कपाट गेलं. परत येते तर दिवाणावर माई. डोक्यावर पदर, हातात तिवाऱ्यांच्या धुतलेल्या कपड्यांची घडी.

"ये हमारी अम्मा हैं," तिवारीजी म्हणाले. मिशा ही अशी, कानापर्यंत.

"हाव बेटा," माईंनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं, "मी इसकी अम्मा. छोटा था तब भोत रोता था. भोतच रोता था."

तिवारीजींनी मान खाली घातली. रडका मुलगा बनणं भाग होतं, बनले.

आणि शेवटचं घर सरदारजींचं. तिसरा ब्लॉक, सगळ्यात वरचा मजला. माई सोफ्यावर, डोक्यावर ओढणी, हातात लोकरीचा गुंडा.

"ये साड्डी बीजी," सरदारजी म्हणाले.

माईंनी मला हात उंचावून आशीर्वाद दिला. बोलल्या नाहीत. पंजाबी कुठून आणणार? मी मुद्दाम विचारलं, "बीजी, तबीयत कैसी है?"

"बरी हाय बाप्पा."

"बीजी नागपुर साइड में पली हैं," सरदारजी घाईघाईने म्हणाले.

बास! माझ्या डोक्यात सगळं जुळलं. तुम्हीच बघा ना: एक म्हातारी, चार घरं. एकीकडे तांदूळ, दुसरीकडे मटार, तिसरीकडे कपडे, चौथीकडे लोकर. चार घरची कामं! आणि बाहेरचं माणूस आलं की चौघंही तिला आई म्हणून पुढे करतात! या वयात तिला जिने चढायला लावतात, राबवून घेतात आणि वर 'अम्मा' म्हणतात! काय हा समाज! तीसरी मंज़िल पर रहनेवाला!

सरदारजी पराठे आणायला आत गेले तशी मी माईंच्या कानाशी लागले.

"माई, खरं सांगा. घाबरू नका. तुम्हाला इथे कुणी आणलं?"

"चौघानं आणलं ना वं."

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"कशी म्हणू? सकाळपासून मांगं लागले. 'माई, आमच्याकडे चला, आमच्याकडे चला.' चार घरं झाले आज."

"देतात काय त्याबद्दल?"

"पोहे देले, चहा देला, जलेबी देली. आता हा पराठे म्हणते. पोटात जागा कुठं हाय?"

मी लिहिलं: 'मोबदला: केवळ खाद्यपदार्थ.' खाली दोन रेघा ओढल्या.

बातमीदाराला पहिल्या दिवशी शिकवतात: कोण, कुठे, केव्हा, का, कसं. मी कोण विचारलं. कुठे आणि केव्हा डोळ्यांनी पाहिलं. का, ते मनानेच ठरवलं. 'कशा आलात माई?' एवढं विचारायचं राहिलं. दोन शब्द हो! दोन शब्द!

रिपोर्ट कॉलेजात द्यायला अजून आठवडा होता. पण अन्याय डोळ्यांदेखत चालला असताना मी आठवडाभर थांबेन? सोमवारी सकाळी लूना काढली आणि थेट टाउनशिपच्या क्वार्टर वाटपाच्या ऑफिसात. टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेले एक साहेब. त्यांच्यापुढे कार्बनची प्रत आपटली.

"आपकी टाउनशिप में ये चल रहा है! देखिए!"

साहेबांनी चष्मा खाली घेतला. वाचू लागले. जसजसे वाचत गेले तसतसा त्यांचा चेहरा खुलत गेला. मला वाटलं, काय सहृदय माणूस आहे!

"टाइम भी लिखा है आपने?"

"एक-एक मिनट का!"

"सीढ़ियाँ भी गिनी हैं?"

"छत्तीस, छत्तीस, अठारह, छत्तीस!" मी अभिमानाने म्हणाले.

"और ये वही माताजी हैं? वानखेड़े के यहाँ वाली?"

"वही! मैंने ख़ुद देखा है। चारों जगह!"

"साइन कर देंगी?"

"कहाँ करूँ?"

आता तुम्ही कपाळाला हात लावलात, दिसलं मला. पण मी तेव्हा नुसती सही नाही केली. सहीखाली कॉलेजचं नाव घातलं, वर्ग घातला, तारीख घातली. परत येताना लूनावर गाणं म्हणत आले. एका म्हातारीची सुटका केली होती ना मी!

पुढच्या रविवारी गेले. माई आता सुखात असतील, बघू तरी. छत्तीस पायऱ्या चढले. वानखेडे वहिनींनी दार उघडलं, या वेळी पंखा लावला नाही. पाठोपाठ कुलकर्णीबाई आल्या, तिवारीजी आले, सरदारजी आले. वानखेडे स्वतः कोपऱ्यात उभे. त्यांनी एक कागद पुढे केला.

अर्ज नामंजूर. कारण: 'प्रत्यक्ष पाहणीनुसार सदर महिला पावणेतीन तासांत तीन इमारतींचे जिने चढ-उतार करताना आढळली. तळमजल्याची आवश्यकता दिसत नाही.' आणि खाली, आधार म्हणून, माझं नाव.

"अहो, पण या खरंच चार घरांत होत्या!" मी म्हणाले. भांडायची सवय, दुसरं काय!

"होत्या!" कुलकर्णीबाई कडाडल्या. "कशा होत्या, विचारलंत?"

मग मला सगळं कळलं. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर खालचं क्वार्टर मिळेल, असं या शेजाऱ्यांना वाटलं होतं. प्रत्येकाला वाटलं होतं. आणि पंचक्रोशीत म्हातारं माणूस एकच, माई. सगळ्यांनी वहिनींकडे दहा-दहा मिनिटांसाठी माई मागितल्या. वहिनी नाही म्हणत होत्या. पण माईच म्हणाल्या, "द्या मले." मग वानखेड्यांच्या वेताच्या खुर्चीत बसवून, चार बाजूंना चार माणसं लागून, माईंना या जिन्यातून खाली आणि त्या जिन्यातून वर.

ते कपाट माई होत्या!

"चाळीस किलो की अम्मा नहीं हैं जी," तिवारीजी कण्हत म्हणाले. "मेरी कमर अभी तक सीधी नहीं हुई।"

"बीजी भारी हैं," सरदारजींनी दुजोरा दिला.

"आणि ते तांदूळ? मटार? कपडे?" मी शेवटचा तट लढवला.

"रिकामे हात कसे ठेवू वं?" आतून माईंचा आवाज आला. "लोकाच्या घरी गेलं की काही तरी हाती घ्या लागते."

मी आत गेले, पलंगाशी उभी राहिले, मान खाली. म्हटलं, आता शिव्या. पण माई खुदुखुदु हसत होत्या. पदर तोंडाला लावून, अख्खा पलंग हलवत.

"काऊन रडतं? आठ महिन्यानं मी बुंधा पाह्यला. दोन डाव. जाताना आन येताना. त्या मिशीवाल्याची माय झाली, सरदाराची माय झाली. एवढी गंमत माह्या लग्नातबी नोती."

मला जास्तच रडू आलं.

सोमवारी मी पुन्हा त्या साहेबांसमोर. "सर, वो कुर्सी पर थीं! चार आदमी उठाकर ले गए थे!"

त्यांनी माझाच फॉर्म काढला, बोट फिरवत वाचला. "इसमें कुर्सी कहाँ लिखी है?"

"लिखी नहीं। मगर थी!"

"आपने देखी?"

"नहीं... मैं तब जलेबी खा रही थी।"

"तो जो आपने देखा वो लिखा, जो नहीं देखा वो अब बता रही हैं।" त्यांनी फाईल बांधली. "बेटी, आपका पहला रिपोर्ट बहुत अच्छा था। उसी पर रहिए।"

मी भांडले. टेबलावर हात आपटले. डॉक्टरला आणा म्हटलं, गुडघे तपासा म्हटलं, मला खोटी ठरवा म्हटलं. एका माणसाला इतक्या पोटतिडकीने स्वतःला खोटं ठरवा म्हणून भांडताना त्या ऑफिसाने आधी कधी पाहिलं नसावं. शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. मी पाच वेळा गेले. पाचही वेळा माझ्याच सहीने मला बाहेर काढलं.

सक्सेना मॅडमनी रिपोर्ट वाचला. मग म्हणाल्या, "बुज़ुर्गों की गिनती में तुमने एक को चार लिखा है। फ़ेल करना चाहिए।" मग फॉर्म उलटला. "लेकिन पड़ोस क्या होता है, ये पूरी क्लास में सिर्फ़ तुम्हारे काग़ज़ पर है।" आणि पहिल्या वर्गाचे गुण दिले. ते गुण आजही माझ्या मार्कशीटवर आहेत आणि मी ती कुणाला दाखवत नाही.

पण माईंना आता चटक लागली होती. दर रविवारी म्हणायच्या, "न्या मले खाली." तिवारीजींची कंबर कायमची गेल्यामुळे खुर्चीची चौथी बाजू माझ्याकडे आली. शिक्षा म्हणा, प्रायश्चित्त म्हणा. कॉलेज संपेपर्यंत, अख्खी दोन वर्षं, मी जवाहर चौकातून लूनावर जायची आणि माईंना छत्तीस पायऱ्या खाली आणायची, छत्तीस वर न्यायची. माई खुर्चीतून हुकूम सोडायच्या, "पोरी, तुही बाजू खाली जाते! पत्रकार होणार म्हणतं आन खुर्ची उचलता येत नाही?"

पुढे वानखेड्यांनी चौथा अर्ज केला. तोही परत आला. शेरा होता: 'सदर महिला दर रविवारी ब्लॉकखाली बसलेली दिसते. सक्षम आहे.'

आम्ही माईंची खुर्ची कडूनिंबाखाली ठेवायचो. तिथून समोरच ते तळमजल्याचं रिकामं क्वार्टर. दोन वर्षं त्याच्या दाराला कुलूप होतं. ते क्वार्टर वानखेड्यांना दिलं नाही, कुलकर्ण्यांना दिलं नाही, तिवाऱ्यांना नाही, सरदारजींना नाही. मी तेव्हा विचारलं, पुढे बातमीदार झाल्यावर लेखी विचारलं, दोनदा स्मरणपत्रं धाडली. ते कुणासाठी राखून ठेवलं होतं, हे मला आजतागायत कुणीही सांगितलेलं नाही.